मांजर क्र. ७ ची पेशी मेलेली नाही याबाबत

प्रति,
मा. संचालक महोदय,
प्राणी निद्रा व वर्तन संशोधन केंद्र,
फुलचूर, ता. जि. गोंदिया.

अर्जदार : टिकाराम गोविंदा कापगते, वय ६४ वर्षे, धंदा शेती (सध्या बटईने दिलेली), मूळ रा. चोरखमारा, हल्ली मु. फुलचूर.

विषय : मांजर क्र. ७ हिला दि. १७ जानेवारी रोजी इंजेक्शन न देता तिचे खाणे एकदा डाव्या बाजूला ठेवून पाहण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या सूचना फलकावरील दि. ६ जानेवारी २०२५ ची सूचना.
२) अर्जदाराचा दि. ७ जानेवारीचा अर्ज (आवक खिडकीवरूनच परत).
३) प्राणीगृह परिचर कै. जमुनाबाई टिकाराम कापगते यांच्या नोंदी.

महोदय,

१. अर्जदार आपल्या केंद्राचा कर्मचारी नाही. त्याची पत्नी होती. कै. जमुनाबाई या आपल्या प्राणीगृहात साडेतीन वर्षे परिचर होत्या. मांजरांना खाणे देणे, पिंजरे धुणे आणि मांजर केव्हा झोपले, केव्हा उठले ते रजिस्टरात लिहिणे, ही त्यांची कामे. दि. २२ ऑक्टोबर रोजी त्या वारल्या. घरी अर्जदार त्यांना एकेरीत हाक मारत असे. अर्जात ते बरे दिसत नाही म्हणून येथे मानाने लिहिले आहे. हयातीत तसे कधी बोलावले नाही.

२. संदर्भ क्र. १ च्या सूचनेत असे नमूद आहे की, मांजर क्र. ७ हिच्या मेंदूतील जी पेशी नोंदवली जात होती ती दि. ४ नोव्हेंबरपासून निष्क्रिय आहे, सबब प्रयोग समाप्त करून दि. १७ रोजी प्राणी शांत करण्यात येईल व मेंदूचे काप घेऊन तारेची जागा तपासण्यात येईल. 'शांत करणे' म्हणजे काय, ते अर्जदारास रेणू मॅडमनी सांगितले. रेणू मॅडम म्हणजे हा प्रयोग करणाऱ्या आपल्याकडील संशोधक. त्यांनी ते खाली मान घालून सांगितले, त्यांच्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही.

अर्जदाराचे म्हणणे एवढेच की, पेशी निष्क्रिय झालेली नाही. ते मांजर आता डावीकडे पाहत नाही, म्हणून पेशी बोलत नाही. जमुनाबाईंना हे माहीत होते. त्यांनी ते लिहूनही ठेवले होते. रजिस्टरातला शेऱ्याचा रकाना कोणी वाचला नाही.

३. अर्जदार दहावी नापास आहे. शास्त्रातले त्याला कळत नाही असे आपण म्हणाल, म्हणून त्याला जेवढे कळले तेवढे येथे लिहीत आहे. चूक असल्यास दुरुस्त करून वाचावे.

अर्जदाराने चोरखमारा तलावाच्या पाटावर सत्तावीस वर्षे पाणी सोडले. त्याच्या वाडवडिलांनी गावोगावी तळी बांधली. जुन्या गावतळ्याला पारीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, बुडाशी एक अरुंद भोक असते, त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. तलाव केवढाही असला तरी पाणी तेवढ्या जागेतूनच शेतात जाते. मॅडमनी सांगितले की मेंदूच्या बुडाशी, मानेच्या वर, अशीच एक अरुंद जागा आहे. माणसात ती अंगठ्याएवढी आणि मांजरात त्याहून पुष्कळ लहान. श्वास, झोप, जाग, मान फिरवणे, पाय उचलणे, सगळे तिथून जाते. कागदावर तिला मस्तिष्कस्तंभ लिहितात. जमुनाबाई तिला देठ म्हणत. मांजर क्र. ७ च्या या देठात केसापेक्षा बारीक तार बसवली आहे. ती एका पेशीजवळ आहे. पेशी बोलली की पेटीतून टक असा आवाज येतो, फार बोलली की फुटाणे भाजल्यासारखा. मांजर पिंजऱ्यात मोकळे असते, खाते, झोपते, अंग चाटते, आणि पेटी ऐकत राहते.

मांजर झोपले हे कसे ओळखायचे, ते जमुनाबाई घरी येऊन सांगत. साध्या झोपेत मान थोडी तरी उभी असते. स्वप्नाची झोप लागली की मान एकदम पडते, अंग चिंधीसारखे होते, पण मिशा हलतात आणि मिटल्या पापणीखाली बुबुळ फिरते. अर्जदार दुपारी खाटेवर पडला की त्या त्याच्याकडेही तसेच पाहत आणि उठल्यावर म्हणत, "तुमची मान पडली होती. सपनात कोनाच्या वावरात पानी सोडून राहिले होते?" ही गोष्ट अर्जाच्या विषयाशी संबंधित नाही, परंतु लिहिली गेली आहे.

४. मागच्या पोळ्याच्या आठवड्यात मांजर क्र. ७ मध्ये ही पेशी सापडली. मांजर झोपेत असले की पेटी गप्प, उठले की फुटाणे. केंद्रात सर्वांना आनंद झाला. ही जागेपणाची पेशी, असे अहवालात लिहिले गेले. जमुनाबाई त्या संध्याकाळी घरी आल्या, पाय धुतले आणि चूल पेटवायच्या आधी बोलल्या. अर्जदारास ते शब्द जसेच्या तसे आठवतात. "जागेपनाची कायची? ते कोदो उठून निस्ती बसली का पेटी गप रायते. आंग चाटते तवाई गप. मंग तवा का ते झोपून रायते?" कोदो म्हणजे हे मांजर. त्याचा रंग कोदोच्या दाण्यासारखा आहे. प्राण्यास नाव ठेवू नये असा आपला नियम आहे, तो जमुनाबाईंकडून मोडला गेला आहे, त्याबद्दल अर्जदार माफी मागतो.

अर्जदाराने विचारले, मग पेटी बोलते कशी? त्या म्हणाल्या, "म्या डाव्या दारानं जातो ना. खानं डावीकडं ठेवतो. ते उठली का पयले डावीकडं पायते. तिची मान डावीकडं फिरली का पेटी बोलते. उजवीकडं फिरली का नाही बोलत. जागेपनाशी तिले काई घेनं नाही."

त्यांनी हे मॅडमना एकदा सांगितले. मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुम्ही झोप आणि जाग तेवढी नीट लिहा, बाकीचे यंत्र बघेल." जमुनाबाईंनी झोप आणि जाग नीट लिहिली. शेऱ्याचा रकाना दोन बोटे रुंद आहे, त्यात त्या फक्त 'डावीकडे' एवढा शब्द लिहीत आणि घरी आल्यावर दोनशे पानी वहीत सविस्तर लिहीत. सप्टेंबर आणि ऑक्टोबर मिळून हा शब्द एकशे एकतीस वेळा आला आहे. अर्जदाराने तीनदा मोजले.

१९ ऑक्टोबरची नोंद अर्जदार मुद्दाम येथे उतरवतो. "दुपारी सव्वा दोन. कोदो झोपून. मान पडलेली. मिशा हलून राहिल्या. पेटी बोलली लय वेळ. मान जागची हलली नाही. वाटते सपनात डावीकडं पाहून राहिली." म्हणजे मांजर जागे नव्हते, तरी पेशी बोलत होती. जागेपणाची पेशी असती तर स्वप्नात कशाला बोलली असती, हा अर्जदाराचा प्रश्न आहे. मॅडमनी ही नोंद आता वाचली. 

५. दि. २२ ऑक्टोबर, मंगळवार. जमुनाबाई रोज पहाटे साडेचारला उठत आणि अर्जदाराला उठवत. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत अर्जदार कधी पाटावर उशिरा पोचला नाही, त्याचे कारण हेच. त्या दिवशी त्याला सात वाजता जाग आली. खिडकीतून ऊन आले होते. त्याने ओरडून विचारले, आज उठवले काऊन नाही? त्या बाजूलाच होत्या.

डॉक्टरांनी हृदय लिहून दिले. पुढे अर्जदाराने मॅडमना विचारले की, माणूस झोपेत जाते तेव्हा त्याला आधी जाग येते काय? त्या म्हणाल्या, "काका, कोणाला येते, कोणाला नाही. मावशींचे मला सांगता येणार नाही." त्यांनी खोटे सांगितले नाही, म्हणून अर्जदाराचा त्यांच्यावर विश्वास आहे. तेव्हापासून अर्जदार साडेचारला आपोआप उठतो. उठून करायचे काहीच नसते.

६. जमुनाबाईंच्या मागे दहा-बारा दिवस मॅडम स्वतःच खाणे देत होत्या. त्यांच्याकडे डाव्या दाराची चावी होती. पेटी नेहमीसारखी बोलत होती. ३ नोव्हेंबरला त्या सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी बाहेरगावी गेल्या आणि आपली चावी बरोबर घेऊन गेल्या. ४ तारखेला नवे परिचर श्री. छोटेलाल आले. ते उजव्या दाराने जातात व खाणे उजवीकडे ठेवतात, कारण डाव्या दाराची दुसरी चावी त्यांना मिळाली नाही; मॅडम परत आल्यावरही तेच चालू राहिले. त्याच दिवसापासून पेशी निष्क्रिय आहे. दोन्ही तारखा आपल्याच कागदांत आहेत. त्या कोणी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. छोटेलाल तेव्हा अर्जदारास म्हणाले होते, "चाचा, बिल्ली तो जाग रही है, मशीन ही सो गयी." अर्जदारास त्या वेळी हसू आले नाही आणि डोक्यात प्रकाशही पडला नाही.

७. चावी का मिळाली नाही, हे सांगणे अर्जदारास भाग आहे. चावी अर्जदाराच्या घरी होती. जमुनाबाई ती कामावरच्या लुगड्याच्या पदरात गाठ मारून ठेवत. ते लुगडे खुंटीवर होते. नोव्हेंबरात छोटेलाल घरी आले आणि "चाचा, बायें दरवाजे की चाबी मिलेगी क्या?" असे विचारले. अर्जदाराने सांगितले, सापडत नाही. ते खोटे होते. लुगडे छोटेलाल यांच्या पाठीमागेच होते. गाठ तिने मारलेली होती. ती सोडायची म्हणजे काय, हे अर्जदारास अर्जात लिहिता येत नाही.

म्हणून दार बंद राहिले, मांजर उजवीकडे पाहू लागले, आणि पेशी मेली असे लिहिले गेले. ही चूक केंद्राची नाही, छोटेलाल यांची नाही, यंत्राची नाही. मांजराची तर नाहीच. ती अर्जदाराची आहे. अर्जदाराच्या चुकीसाठी दुसऱ्याला इंजेक्शन देऊ नये.

८. सूचना वाचून अर्जदार दि. ७ जानेवारीला अर्ज घेऊन आला. आवक खिडकीवरील बाबूंनी विचारले, "तुम्ही मांजराचे कोण?" अर्जदाराने अर्जच पुन्हा पुढे सरकवला. बाबू म्हणाले, "नाते लिहा, नाहीतर अर्ज घेता येत नाही. आणि शास्त्राची हरकत असेल तर पदवीची झेरॉक्स लावा." मागे उभे असलेले लोक हसले. अर्जदारही थोडा हसला, कारण जमुनाबाईंना घरी जाऊन सांगण्यासारखी ही गोष्ट होती. मग तो घरी गेला.

या वेळी नात्याबाबत लिहिले आहे ते असे : अर्जदाराची पत्नी या मांजरास ओळखत होती. पदवीबाबत : पत्नी सातवी पास.

९. दि. ८ जानेवारीला अर्जदाराने गाठ सोडली. त्याला अकरा आठवडे लागले.

दि. ९ जानेवारी, गुरुवारी, दुपारी पावणेचारला तो डाव्या दाराने विनापरवानगी प्राणीगृहात गेला. हा गुन्हा आहे हे त्याला माहीत आहे. छोटेलाल त्या वेळी पुढच्या फाटकावर खाद्याची पोती उतरवून घेत होते, त्यांचा यात दोष नाही. पेटी चालू होती. मांजर जागे होते व उजव्या दाराकडे पाहत बसले होते. दार वाजले, तिचा एक कान हलला, मान फिरली नाही. अर्जदार डाव्या बाजूला जमिनीवर बसला. त्याने "कोदो" म्हणून हाक मारली. काही नाही. त्याने जमुनाबाईंचे लुगडे बरोबर आणले होते, ते जाळीला लावले. त्याला वाटले होते की वासाने ओळखेल. मांजराने पाहिले नाही. पेटी गप्प होती. अर्जदार दहा मिनिटे तसाच बसला. त्याला त्या वेळी जे वाटले ते विषयाशी संबंधित नाही.

मग त्याने खिशातली वाळलेली मासोळी काढून जाळीच्या डाव्या कोपऱ्यात ठेवली. मांजराची मान फिरली आणि पेटी फुटाण्यासारखी फुटली. मासोळी उचलली, मान परत वळली, पेटी गप्प. उजव्या कोपऱ्यात ठेवली, मान उजवीकडे, पेटी गप्प. पुन्हा डावीकडे, पुन्हा फुटाणे. असे सहा वेळा केले, सहाही वेळा तसेच झाले. चौथ्या वेळी छोटेलाल आत आले. ते ओरडले, "अरे चाचा, ये तो बोलने लगी!" आणि ते रागवायचे विसरले.

आता अर्जदार एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहितो. इतके दिवस त्याच्या मनात होते की हे मांजर जमुनाबाईंसाठी डावीकडे पाहत होते, आणि त्या गेल्या म्हणून पेशी गप्प झाली. तसे नाही. ते मासोळीसाठीही पाहते. घरी जाऊन अर्जदाराने वही पुन्हा वाचली. एकशे एकतीस नोंदींत जमुनाबाईंनी कुठेही 'माझ्याकडे' असे लिहिलेले नाही. 'डावीकडे' असेच लिहिले आहे. त्यांनी जे पाहिले तेवढेच लिहिले. अर्जदाराने त्यात आपले घातले होते.

१०. दुसऱ्या दिवशी अर्जदाराने हे सर्व रेणू मॅडमना सांगितले. त्या म्हणाल्या, "काका, हे खरे असेल तर माझा अहवाल चुकला आहे आणि मावशी बरोबर होत्या. पण प्रयोग कागदावर संपलेला आहे. आज यंत्र बंद केले. संचालकांच्या सहीशिवाय मला ते सुरू करता येत नाही." त्या सहीसाठी हा अर्ज आहे. ९ तारखेची दुपारी पावणेचार ते सव्वाचारची नोंद यंत्रात असेल. अर्जदारावर विश्वास ठेवू नये, ती नोंद पाहावी.

११. तरी विनंती की, १७ तारखेचा आदेश थांबवावा. मांजराचे खाणे दोन दिवस डावीकडे आणि दोन दिवस उजवीकडे ठेवून पेटी ऐकावी. पेशी बोलली तर प्रयोग चालू राहील आणि मांजरही राहील. नियमाप्रमाणे ते पुढे कधी नकोसे झाले तर अर्जदारास द्यावे. तो लेखी हमी देतो की मांजर फुलचूरमध्येच ठेवील, महिन्यातून एकदा दाखवायला आणील, आणि ते आपल्या वयाने मेले तर त्याच दिवशी केंद्रात पोचते करील, मग काप घ्यावेत. तारेची जागा तेव्हाही तीच असेल. अर्जदाराला घाई नाही, तारेलाही नसावी.

विनापरवानगी प्रवेशाची जी काही शिक्षा असेल ती अर्जदारास द्यावी, ती वेगळ्या कागदावर द्यावी, या अर्जाच्या निकालात मिसळू नये.

आणि यातले काहीच शक्य नसेल, तर अर्जदार एवढेच मागतो. १७ तारखेला इंजेक्शनच्या आधी यंत्र पाच मिनिटे सुरू करावे. आत डाव्या दाराने जावे. मासोळी डावीकडे ठेवावी. जे ऐकू येईल ते शेऱ्याच्या रकान्यात मॅडमनी स्वतःच्या हाताने लिहावे, आणि त्याखाली आपण सही करावी. अर्जदार फाटकाबाहेर थांबेल. आत येण्याचा आग्रह धरणार नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
(सही)
टिकाराम गोविंदा कापगते

स्थळ : फुलचूर
दि. १३ जानेवारी २०२५

सोबत :
१) वहीच्या पृष्ठ ३ ते ५८ च्या झेरॉक्स.
२) मृत्यू दाखल्याची प्रत.
३) चावी एक, डावे दार, प्राणीगृह.

टीप : मूळ वही अर्जदाराकडे आहे. मागितल्यास समक्ष आणून दाखवण्यात येईल. ठेवून देता येणार नाही.